योगराजचे ब्रेक

गोंदियात बालाघाट रोडवर माझं बॅटरीचं दुकान आहे आणि त्याला लागूनच योगराज टेंभरेचं गॅरेज. मधली भिंत एका विटेची, वर पत्रे. त्यामुळे त्याची गिऱ्हाइकांशी होणारी भांडणं मला बसल्या जागी ऐकू येतात. यायची, असं म्हटलं पाहिजे. आता तिथे भांडणं होत नाहीत.

भांडण कायम एकच असायचं. गिऱ्हाईक म्हणायचं गाडी पळाली पाहिजे, योगराज म्हणायचा आधी ती थांबली पाहिजे. एखादा हौशी पोरगा येऊन सांगायचा, सायलेन्सर काढा आणि फटाके फुटतील असा पाइप लावा. योगराज पाइपाचं नावही काढायचा नाही. मुकाट्याने चाक खोलायचा आणि झिजलेले ब्रेकपॅड पोराच्या हातात द्यायचा.

"हे पाह्य. तू आतापर्यंत जिवंत कसा हाय, तेच मले समजून नाई राहिलं."

पोरगा तोंड वाकडं करून निघून जायचा आणि पुढच्या चौकातून पाइप लावून आणायचा. मग आमच्याच दुकानांसमोरून फटाके फोडत फेऱ्या मारायचा, मुद्दाम.

"तुले धंदा करायचा हाय का कीर्तन?" मी भिंतीपलीकडून ओरडायचो.

"श्यामलालभाऊ, तुमच्या बॅटऱ्या चोख हायत, पण तुमचं डोकं कदी चार्जिंगले लावान?" तो तिकडून ओरडायचा.

हा माणूस हातोडीवाला मिस्त्री नव्हता. इथे आयटीआय करून पुण्याला गेला, तिथे शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं राहिला, दक्षिणेतल्या ट्रॅकवर गाड्या घेऊन जायचा. आई आजारी पडली म्हणून परत आला आणि आई गेल्यावरही राहिला. शर्यतीच्या गाड्यांवर हात चाललेला माणूस स्कूटीचे प्लग साफ करत बसलेला पाहून मला सुरुवातीला हसू यायचं, नंतर वाईट वाटायचं. पुढे सवय झाली.

ब्रेकचं वेड त्याला कुठून लागलं, हे त्याच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचे वडील सुखराम शंकरपटातले नावाजलेले धुरकरी होते. पटात बैलांची जोडी सरळ पट्टीवर सोडतात. लहानशा छकड्यावर एकटा धुरकरी असतो आणि सगळी माणसं सेकंदाच्या काट्याकडे डोळे लावून बसतात. बैलांना बदाम, तूप, अंडी, रोज मालिश. सगळी अक्कल जोडी पळवण्यात जाते. ती थांबवायची कशी याचा विचार कुणी करत नाही, कारण पट्टी संपली की पुढे मोकळं वावर असतं आणि जोडी धरायला चार गडी उभे असतात. योगराज शाळेत असताना एका पटाला पाहुणे जास्त आले आणि त्या वावरात कुणीतरी ट्रॅक्टर लावून ठेवले. सुखरामची जोडी पहिली आली. जोडी वळली, छकडा वळला नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि पोरगा पुढे उभा राहून बघत होता. टाळ्या थांबायच्या आत बाप गेला होता.

एवढं पाहिलेल्या माणसाला मी कीर्तनकार म्हणायचो. माझी जीभ तशीच आहे.

मग चंद्रशेखर कटरेची गाडी आली. चंद्रशेखरची गोरेगावजवळ राईस मिल. शाळेत तो योगराजच्याच बाकावर बसायचा. अंगाने गोल, मनाने पोर. पटाच्या कमिटीत हा पुढे, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत हा पुढे, आणि नवीन वस्तू घेतली की चार माणसांना दाखवल्याशिवाय त्याला घास उतरायचा नाही. त्याने हैदराबादच्या एका डॉक्टरकडून जुनी जर्मन सेडान उचलली. बाहेरून गाडी सज्जन, वकिलाबिकिलाची वाटावी अशी, निळसर राखाडी. बोनेटखाली सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन. आपल्या साध्या तीन-चार गाड्यांची ताकद त्या एकीत होती. चंद्रशेखरने ती गॅरेजसमोर उभी केली, उगाच दोनदा रेस केली आणि मी काउंटर सोडून बाहेर आलो.

"रिमॅप पायजे बे योगू," तो उतरता उतरताच म्हणाला. मोबाइलवर त्याने महिनाभर तेच पाहिलं होतं. "स्टेज टू. डाउनपाइप, मोठा इंटेक, एक्झॉस्ट मोकळा. आन गाडी खाली बसवायची. वीस इंची रिम."

योगराज गाडीभोवती एक चक्कर मारून आला. टायरवर नख दाबून पाहिलं.

"खाली बसवली तं तुह्या मिलच्या गेटातच पोट घासते. आन वीस इंची रिमवर टायर कसा राहते माहीत हाय का? पापड. कोहमारा रोडच्या पहिल्या खड्ड्यात रिम वाकडी."

"बरं, रिम राहू दे. पॉवर?"

"हाय तेवढी तरी वापरली का तू? कोठं वापरली? रेल्वे फाटकावर?"

मी हसलो. चंद्रशेखर माझ्याकडे रागाने बघायला लागला.

योगराज मग रंगात आला. रिमॅप खोटं नाही, म्हणाला. टर्बो गाडीत कॉम्प्युटरची फाइल बदलली की ताकद खरंच वाढते, बाकी कशानेच एवढी वाढत नाही. पण मे महिन्यात आपल्याकडची हवा भट्टीची. ती गरम हवा इंजिनात गेली की वाढवलेली ताकद दोन ओढींत गायब होते, म्हणून आधी ती हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा पाहिजे. नुसता हवा ओढणारा इंटेक लावला तर हिसहिस आवाज येतो, दुसरं काही होत नाही. डाउनपाइपने धूर वाढतो आणि आरटीओवाला खूश होतो. आणि हे सगळं नंतरचं. या गाडीचं वजन बघ, टायर बघ, डॉक्टरने आयुष्यात कधी न बदललेलं ब्रेकचं तेल बघ. जुनं तेल तापून उकळतं, उकळलं की पेडल तळाला जातं आणि मग ताकद किती आहे याला काही अर्थ राहत नाही.

"पहिले थांबणं, मंग वळणं, मंग पळणं. या क्रमानं करायचं असन तं चावी ठेव. नाईतं नागपूरले जा. तिथं पायजे ते लावून देतेत."

"जातोच," चंद्रशेखर म्हणाला. "बाकावर बसायचा तवापासूनच तू असा हायेस. खडूस." आणि तो गेला. मी योगराजला मनसोक्त झापलं. असं गिऱ्हाईक गोंदियात पुन्हा येणार होतं का? तो पाना पुसत बसला.

चार दिवसांनी दीप्ती आली, चंद्रशेखरची बायको. मिलचा सगळा कारभार खरं तर तीच बघते, हे सगळ्यांना माहीत आहे. स्कूटी लावून, हेल्मेट हातात घेऊन ती गॅरेजच्या दारात उभी राहिली, आत यावं की नाही अशी. मी माझ्याकडची खुर्ची नेऊन दिली आणि नेहमीप्रमाणे तिथेच उभा राहिलो.

"भाऊ, ते तुमच्यावर रुसले, पण घरी दिवसभर तुमचंच सांगत राहतात," ती म्हणाली. "नागपूरले गाडी गेली तर नुसतं पळायचंच सामान बसवून येतील. तुम्ही बोलवा ना त्यांना. ते चालवतात तेव्हा मी बाजूले बसत नाही, मले भीती वाटते. घरी राहते तर अजून वाटते. तुम्हाले जे बरोबर वाटते ते बसवा. ब्रेक म्हणत होते ना तुम्ही, तेच बसवा. माणूस घरी आला पायजे, एवढंच."

योगराज उभा राहिला. हात पुसले.

"वहिनी, ही गाडी थांबन. माह्या शब्दावर."

आणि कधी कुठल्या गिऱ्हाइकाला स्वतःहून फोन न केलेल्या या माणसाने त्याच दिवशी चंद्रशेखरला फोन लावला. तह झाला. आधी ब्रेक आणि टायर. ते चंद्रशेखरला पसंत पडले तर बक्षीस म्हणून इंटरकूलर आणि साधं, स्टेज वनचं रिमॅप. एक्झॉस्टला हात लावायचा नाही.

योगराजने त्या गाडीवर जे काम केलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. पुढे मोठ्या डिस्क, त्यांना आवळून धरतील असे कॅलिपर, चांगलं तेल, रबरी नळ्यांच्या जागी स्टीलची जाळी गुंफलेल्या नळ्या. पॅड निवडायला त्याने पुण्याला किती फोन केले असतील. शर्यतीचे पॅड नकोत, म्हणाला, ते तापल्याशिवाय पकडत नाहीत आणि आपल्याला बाजारातून निघून पहिल्या ब्रेकलाच पकड पाहिजे. टायर मऊ, रस्त्याला धरणारे. चाकांच्या सांध्यांतले झिजलेले रबरी बुश सगळे नवे. तो जेवायचं विसरायचा. मी भिंतीवर थापा मारून त्याला उठवायचो.

चाचणीला बोदलकशाकडे जाणारा रस्ता ठरला, दुपारचा, मोकळा. जुन्या ब्रेकवर आधीच एकदा तिथे जाऊन आलो होतो. मोहाच्या झाडापाशी ब्रेक दाबला तेव्हा गाडी पार मोरीपाशी जाऊन थांबली होती. आता पुन्हा तोच वेग, तेच झाड. मागच्या सीटवर मी. चंद्रशेखरने पेडल दाबलं आणि माझा चष्मा उडून पुढे त्याच्या मांडीवर पडला. मोरी समोर लांब दिसत होती. गाडी सरळ उभी होती, जराही डुलली नव्हती.

चंद्रशेखर एकदम हसायला लागला.

"अजून एकदा करू बे."

आम्ही ते कितीदा केलं कुणास ठाऊक. मला मळमळायला लागलं तेव्हा थांबले. योगराज रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून डिस्कजवळ हात धरून उष्णता बघत होता आणि त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच निवांत पाहिला. मला त्या दिवशी त्याचा अभिमान वाटला. तसं त्याला सांगितलं नाही, ते राहूनच गेलं.

बक्षीस ठरल्याप्रमाणे मिळालं. इंटरकूलर बसला, रिमॅप झालं. पण चंद्रशेखरला पळण्याचं कौतुक उरलंच नव्हतं. पळणाऱ्या गाड्या काय, सगळ्यांकडे असतात. अशी थांबणारी जिल्ह्यात त्याच्याच एकट्याकडे होती. दिवाळीनंतर मंडईला पाहुणे आले की तो त्यांना गाडीत घालायचा आणि गावाबाहेर नेऊन म्हणायचा, "आता थांबून दाखवतो." पाहुणे पुढच्या सीटवर आपटायचे, बायाबापड्या देवाचं नाव घ्यायच्या आणि हा हसत योगराजला फोन करायचा. योगराजही हसायचा. पटाच्या मातीतली ही माणसं. बैल किती सेकंदांत पोचले हे ज्या कौतुकाने सांगतात, त्याच कौतुकाने आता गाडी किती हातांत थांबली ते सांगायला लागली. पटाच्या पट्टीवर आपल्या जोडीच्या मागून कुणी येत नसतं. मागे बघायची सवय त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती. चंद्रशेखरला नव्हती, त्याला ब्रेक लावून देणाऱ्याला नव्हती, आणि खुर्ची टाकून सगळं ऐकणाऱ्या मलाही नव्हती.

धान निघायला लागलं होतं. कोहमारा रोडवर मुरदोलीच्या जंगलाच्या अलीकडे, भर दुपारी, चंद्रशेखरने धानाच्या पोत्यांनी लादलेल्या एका ट्रकला ओव्हरटेक केलं. पुढे वळण होतं. वळणावर म्हशी रस्ता ओलांडत होत्या. त्याने ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. शेवटच्या म्हशीपासून हातभर दूर, असं गुराख्याने पोलिसांना सांगितलं. म्हशीला खरचटलंही नाही. मागून ट्रक आला आणि गाडीला ढकलत पुलाच्या कठड्यापर्यंत घेऊन गेला.

आम्ही पोचलो तेव्हा त्याला नेलं होतं. ट्रक ड्रायव्हर छत्तीसगडकडचा, पन्नाशीचा माणूस, रस्त्याच्या कडेला मातीत बसून रडत होता. पोलीस त्याला उठवत होते आणि तो पुन्हा खाली बसत होता.

"अभी-अभी मेरे को ओवरटेक किया था साहब, और एकदम सामने खड़ा. मैंने भी पूरा दबाया. इतनी जल्दी कोई गाड़ी नहीं रुकती साहब. कोई गाड़ी नहीं रुकती."

योगराज त्याच्यासमोर उभा होता. त्याला काही म्हणेल, मारेल, असं मला वाटलं, म्हणून मी त्याचा दंड धरला. त्याने तो सोडवून घेतला. रस्त्यावर चंद्रशेखरच्या टायरचे डाग होते, आखूड, काळे. त्यांच्या मागे ट्रकचे लांबच लांब. दोन्हींच्या मधून तो चालत गेला आणि परत आला. मी त्याला ओढून गाडीत बसवलं.

मी त्याला काय काय सांगितलं म्हणता. ओव्हरटेक करायला कुणी सांगितलं होतं? वळणावर? ट्रकवाल्याने अंतर ठेवायला नको होतं? म्हशी मोकळ्या सोडणाऱ्याची चूक नाही? त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "भाऊ, ट्रक काऊन थांबन? आपल्या रोडवरचं कोणतंच थांबत नाई. मी एकच थांबणारी बनवली आन ती त्यायच्या पुढं नेऊन उभी केली." मला राग आला. कशाचा आला ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण तो गेलेला नाही.

स्मशानात योगराज लांब उभा राहिला. तेरवीलाही गेला नाही. गॅरेज उघडायचा, बसायचा, बंद करायचा. शेवटी तेरवीनंतर आठ-दहा दिवसांनी मीच त्याला जबरदस्तीने गाडीवर बसवून दीप्तीकडे नेलं. न जाणं बरं दिसत नव्हतं. वाटेत त्याला समजावलं. ती काही विचारेल. विचारलं तर एवढंच म्हण की वेळ आली होती, काहीही असतं तरी तेच झालं असतं. बाईला पुढे जगायचं आहे. कळलं का? तो "हो" म्हणाला. दोनदा विचारलं, दोनदा "हो" म्हणाला.

मिल चालू होती. कोंडा उडत होता, हमाल पोती टाकत होते. दीप्ती ऑफिसच्या खोलीत चंद्रशेखरच्या खुर्चीच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली होती. आम्हाला बघून उठली, बसा म्हणाली, चहा सांगितला. मी बाजारभाव, पाऊस, असलं काहीबाही बोलत राहिलो. ती मान हलवत होती. चहा आला, आम्ही प्यायलो. मला वाटलं, निभावलं.

"भाऊ," ती योगराजला म्हणाली, "एक विचारू? खरं सांगजा."

त्याने कप खाली ठेवला.

"पोलीस म्हणे गाडी लय लवकर थांबली. जुनेच ब्रेक राहिले असते, डॉक्टरचे, तर काय झालं असतं?"

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. एवढंसं खोटं. दुनिया दिवसभर बोलते, मी गिऱ्हाइकांशी रोज बोलतो, आणि त्याने कबूलही केलं होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की त्याने याचा हिशेब केव्हाच करून ठेवला आहे. रोज गॅरेजमध्ये बसून तेच करत होता तो.

"म्हशीले धडकला असता," योगराज म्हणाला. "बोनेट गेलं असतं, एअरबॅग उघडली असती. गाडी पुढं गेली असती तेवढं ट्रकले अंतर भेटलं असतं. लागलं असतं त्याले. हात मोडला असता, काही झालं असतं." त्याने मान खाली घातली. "वाचला असता, वहिनी."

बाहेर मिलचा पट्टा चालूच होता. दीप्तीने आमच्या तिघांचे कप एकात एक घातले आणि टेबलाच्या कडेला सरकवले. रडली नाही. मला वाटत होतं की तिने याला शिव्या द्याव्यात, चालता हो म्हणावं. योगराजही त्याचीच वाट बघत असावा, कारण तो मान खाली घालून तसाच बसला होता.

"ते नागपूरलेच चालले होते, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्याकडे मी आली होती."